हवेतली हजेरी

वीस वर्षं झाली, रोज सकाळी मी हजेरी घेतो. वरूड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. नाव पुकारलं की कुणी ठणठणीत 'हजर सर' म्हणतो, कुणी नुसता हात वर करतो, आणि एखादी पोर असं काही पुटपुटते की बाजूच्या पोराला सांगावं लागतं, "आली हाये सर ते." अशा पोरींवर मी पुष्कळ खेकसलोय. तोंडात काय मूग भरलेत का, वगैरे.

मागच्या वर्षी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाची, परीक्षा पास झालो आणि व्हीयू-३ नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळाला. सेट जुना, कुणाचा तरी वापरलेला. अँटेना मात्र घरचा: ४० मीटर बँडसाठी (म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यासाठी) तांब्याच्या तारेच्या ३३-३३ फुटांच्या दोन भुजा, मधला सांधा बांधावरच्या निंबाच्या शेंड्याला, टोकं संत्र्याच्या बगीच्यात उतरवलेली. माय म्हणाली, "कपडे वाळू घालाले इतक्या वर कोन चढन?"

या बँडवर सकाळी 'नेट' भरतं. इंटरनेटशी त्याचं काही नातं नाही. एक जण नेट कंट्रोल होऊन बसतो आणि बाकीचे आपापला कॉलसाइन सांगून हजेरी लावतात. त्याला चेक-इन म्हणायचं. वेळ सकाळची, कारण ऊन चढलं की आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला, खालचा डी थर या लहरी गिळायला लागतो आणि लांबची माणसं एकेक करून विरघळतात.

अकरा दिवस मी नुसता ऐकत बसलो. ऐकूनच रीत कळत गेली. बटण दाबल्या दाबल्या बोलायचं नाही, पहिली अक्षरं कापली जातात. दोघं एकदम बोलले तर नुसता कालवा होतो, दोघांचंही कळत नाही. म्हणून आधी थांबा, फट सापडली की घुसा. निघायचं असेल तर सांगून निघा. धंदा आणि राजकारण हवेवर चालत नाही. म्हणजे संत्र्याचा भावही विचारायचा नाही! वरूडच्या माणसानं मग बोलावं तरी काय? तर अँटेना आणि पाऊस.

बाराव्या दिवशी बटण दाबलं. "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री..." (व्ही, यू, तीन हे असं सांगायचं) आणि पुढची माझीच तीन अक्षरं मला आठवेनात. बटण सोडलं. घशाला कोरड. दारात बाबा उभे. म्हणाले, "सोताचं नाव सांगाले एवढा घाम?"

चिठ्ठीवर कॉलसाइन लिहिला, समोर धरला, पुन्हा बोललो. नेट कंट्रोल हिंदीत म्हणाले, कुणीतरी फार कमजोर स्टेशन आहे, पुन्हा या. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. सेट बंद करावा म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात मधल्याच कुठल्या तरी गावचा तिसरा आवाज आला: मला ऐकू येतायत ते, मी रिले करतो. आणि त्यानं माझा कॉलसाइन, माझं नाव, माझं गाव, सगळं खणखणीत सांगून टाकलं. आली हाये सर ते.

त्या माणसाकडून मला सिग्नल रिपोर्ट मिळाला थ्री-थ्री. पहिला आकडा बोलणं किती कळतं त्याचा, पाचपैकी; दुसरा सिग्नलच्या जोराचा, नऊपैकी. ३३. पासिंगला दोन मार्क कमी.

वर त्यानं विचारलं, "आपके पीछे घड़ी चल रही है क्या?"

घड्याळ नव्हतं. रेडिओ शेतातल्या खोलीत, आणि तिथंच भिंतीला झटका मशीन टांगलेलं. रोही आणि रानडुकरं बगीच्यात घुसू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत ते दर सेकंदाला झटका सोडतं, टक... टक... माइकमधून ती टकटक त्यांना जात होती, आणि कुंपणाला लागून असलेल्या माझ्या अँटेनातून तीच कानात परत येत होती. प्रत्येक टकटकीखाली कुणाचं तरी एक अक्षर गडप. रोही म्हणजे काय हेही सांगावं लागलं. नीलगाय म्हटल्यावर कळलं.

नेट संपलं. सगळ्यांनी 'सेव्हंटी थ्री', म्हणजे शुभेच्छा, म्हटलं. बाबांनी विचारलं, "मंग काम काय होतं त्याईचं?"

"काही नाही. निरोप आहे का विचारतात. कोणाचाच नसतो."

"मंग बोलता काहून?"

मी त्यांना २००४ च्या डिसेंबरातलं सांगितलं. हैदराबादच्या हॅम संस्थेच्या भारती प्रसाद तेव्हा रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि अंदमानातल्या माणसांचे निरोप या रेडिओवरून घरोघर पोचले. बाबा 'हूं' म्हणाले. पटलं की नाही ते कळलं नाही. त्यांच्या 'हूं'चे पुष्कळ अर्थ होतात.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खोलीत गेलो तर मशीनचा खटका पाडलेला. बाबा हातात काठी घेऊन कुंपणाच्या कडेनं चकरा मारत होते. तेव्हापासून रोज असंच चाललंय. माझा रिपोर्ट आता फाइव्ह-सेव्हनपर्यंत गेलाय.

"झाली का हजेरी?" ते बांधावरून ओरडतात.

झाली म्हटलं की आत येऊन खटका वर करतात. टक... टक...