जुनी ताई

११ नोव्हेंबर, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर आई हसेल, म्हणून इथे लिहितेय.

आज तिकडे, जर्मनीत, सांक्ट मार्टिन, म्हणजे पोरांच्या कंदिलांच्या मिरवणुकीचा सण. गेल्या वर्षी ज्या घरात राहून मी पोरं सांभाळली, त्यांना आज फोन करायचा होता. सकाळपासून डोक्यात तेच होतं. त्यांची घड्याळं मागे गेल्यापासून साडेचार तासांचा फरक झालाय, म्हणजे मिरवणूक आटपून पोरं घरी येईपर्यंत आपल्याकडे साडेअकरा. मी जेवून, केस विंचरून (हो, केस विंचरून) गच्चीवर जाऊन बसले. बाबांनी सराफ्यातल्या खाऊगल्लीतून गराडू (तळलेला कंद) आणले होते, तेही गार झाले.

फोन लागला. आधी कंदील दिसला, मग धाकट्याचं नाक. यंदा घुबड केलंय. गेल्या वर्षीचा कोल्हा आम्ही दोघांनी केला होता. त्याचं शेपूट मी उलटं चिकटवलं होतं आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

"ताई, बघ!" तो ओरडला.

"बघतेय रे, किती छान झालंय!" मी म्हटलं.

पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. फोन धरून जी उभी होती तिला सांगत होता, घुबडातला दिवा विझला म्हणून. आणि तीही "हो हो, बघते" म्हणाली. एकेक शब्द तोलून, शब्दाच्या लिंगाला घाबरत बोललेलं जर्मन. गेल्या वर्षी मी असंच बोलायचे.

मग मोठीने मला समजावलं. तिला सगळ्यांना सगळं समजावायचं असतंच. "तू जुनी ताई. ही नवी ताई." जर्मनमध्ये जुनं आणि म्हातारं यांना शब्द एकच. म्हणजे मी म्हातारी ताई. पंचवीस पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत.

दोन मिनिटांत फोन संपला, त्यांची झोपायची वेळ झाली होती.

आता यात रडण्यासारखं काय आहे? तेच तर शोधतेय. ती जॉर्जियाहून आलेली मुलगी काही वाईट नाही. ऑगस्टपासून आहे. तिला तिच्या नावाने हाक मारतात असं मी धरून चालले होते. "ताई" मी त्यांना दिलेलं होतं. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीच म्हटलं, ताई म्हणा. ते जोर देऊन "थाई" म्हणायचे. शेजारच्या आजी तर तीन महिने मला थायलंडची समजत होत्या आणि एकदा मोठ्या प्रेमाने नारळाच्या दुधाचा डबा घेऊन आल्या. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, वर्षभर कुणीतरी आपल्याला ताई म्हणेल. घरात धाकटं कुणी नाही, निदान तिकडे तरी.

आणि त्यांना वाटलं, हे कामाचं नाव आहे! किटामधून, म्हणजे बालवाडीतून, आणणारी, चिखलाची विजार धुणारी, संध्याकाळी सहाला ब्रेड-चीजची ताटली मांडणारी, तिला ताई म्हणतात. जशी पोस्टात पोस्टमन.

बरोबरच आहे म्हणा. आठवड्याला ३० तास, महिन्याला २८० युरो हातखर्च, वर्षाच्या वर एक दिवस नाही. व्हिसाच तेवढा. या कामाला ओ-पेअर म्हणतात, मूळ फ्रेंच शब्द, अर्थ बरोबरीच्या नात्याने. अर्ज भरताना हे मी बाबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. ते म्हणाले, "पोरंच सांभाळायची तर राजेंद्र नगरात काय कमी आहेत?" तेव्हा भांडले होते. जर्मनच्या बी-टू परीक्षेचा निकाल अजून यायचाय, तो विषय नको.

पण गेल्या वर्षीची ती संध्याकाळ माझी होती, एवढं तरी कुणी म्हणावं. पाच वाजताच काळोख, पाऊस नुसता भुरभुरणारा, पुढे लाल झगा घातलेला घोडेस्वार, मागे शे-दोनशे पोरं कंदील घेऊन. बॉनकडे त्या दिवशी मुलांना वेकमान देतात, मनुकांच्या डोळ्यांचा पावाचा माणूस, हातात मातीची चिलीम. धाकट्याने आधी डोकं खाल्लं, पाय माझ्या कोटाच्या खिशात घातले आणि चिलीम मला दिली. म्हणाला, ठेव. मी त्याला सांगितलं, आमच्या इंदूरलाही असे दिवे निघतात, फक्त कंदील ट्रकएवढे असतात आणि रात्रभर चालतात. तो म्हणाला, खोटं. मी झाँकीचे, म्हणजे अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या रोषणाईच्या चित्ररथांचे, फोटो दाखवले. मग त्याने किटामध्ये सगळ्यांना सांगितलं की ताईच्या गावात झोपतच नाहीत.

चिलीम माझ्याकडेच आहे. विमानात तुटली, पण आहे.

झाँकीवरून एक आठवलं, आणि खरं म्हणजे झोप त्याने उडालीये, फोनमुळे नाही.

मला पहिल्यांदा झाँकी दाखवायला मावशींनी नेलं होतं. आपल्याकडच्या आधीच्या मावशींनी. आई शाळेतून येईपर्यंत मला सांभाळायच्या, पोळ्या करायच्या, काऊचा घास चिऊचा घास करून भरवायच्या. त्यांचे घरवाले हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ सालीच बंद पडलेली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पण झाँकी मात्र निघायची. अनंत चतुर्दशीला जेल रोडच्या गर्दीत मावशींनी मला खांद्यावर बसवलं होतं. मावशी काही धिप्पाड नव्हत्या, किडकिडीतच होत्या. हुकुमचंदची झाँकी आली तशा माझे पाय घट्ट धरून म्हणाल्या, "बघ, आपली आली."

मग एक दिवस त्या यायच्या थांबल्या. का, ते आईला माहीत असेल. सोमवारी दुसऱ्या बाई आल्या आणि मी दारातून दप्तर टाकत म्हटलं, "मावशी, पाणी."

सात वर्षांची होते. आठवायचा खूप प्रयत्न केला आत्ता, गच्चीवर बसून. जुन्या मावशी कुठे गेल्या, असं एकदा तरी विचारलं असेन. नाही विचारलं. मला काहीच वाटलं नव्हतं. पोळ्या जाड असतात, एवढीच तक्रार केलेली आठवतेय.

तेव्हा धाकट्यावर रुसायचा मला काय हक्क! उलट तो माझ्यापेक्षा बरा. जुनी आणि नवी असा फरक तरी करतात तिकडे. आणि त्या जॉर्जियाच्या पोरीला वाटत असेल, ताई म्हणजे काहीतरी जर्मन आहे. कदाचित वहीत लिहूनही घेतलं असेल, लिंगासकट. पुढच्या ऑगस्टला ती जाईल, आणखी कुठली येईल, तीही ताई. राइन नदीच्या काठी एका घरात आपला शब्द पोरं मोठी होईपर्यंत चालणार. मोठी तेव्हा कुणाला तरी समजावून सांगेल की ही फार पूर्वीपासूनची पद्धत आहे.

हसू आलं हे लिहिताना. मघाशी येत नव्हतं.

खाली आले तर आई पाणी प्यायला उठली होती. विचारलं, "मावशींचं नाव काय होतं गं?"

"कुठल्या मावशी?"

"जुन्या."

आई ग्लास हातात धरून उभी राहिली. बराच वेळ. "नदीचं होतं काहीतरी," म्हणाली.

"नर्मदा?"

"नाही गं. लहान नदी होती."