मऊ हवं आणि टिकाऊही हवं : आमची वाटचाल

आमच्याकडे कडक बिस्किटं मिळत नाहीत. रोज कोणी ना कोणी फोनवर विचारतंच, "ती हाडाच्या आकाराची बिस्किटं आहेत का हो?" नाहीत. कुत्र्यांसाठी मऊ खाऊ करायचा, एवढं एकच काम आम्ही ठाण्यात धरून बसलोय. मऊ म्हटलं की पाणी आलं आणि पाणी आलं की बुरशी आली. माल किती करायचा, कुठे ठेवायचा, कुणाला नाही म्हणायचं, हे सगळं आम्हाला या पाण्यानेच ठरवून दिलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी नणंद. ताईंच्या नौपाड्यातल्या घरी वर्षानुवर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी असायच्या, त्यामुळे मोठ्या मापात हात बसलेला. मी रबाळ्याला एका बिस्किट कारखान्याच्या क्वालिटी विभागात नोकरी करत होते. ताईंचा पॉमेरियन म्हातारा झाला, डॉक्टरांनी त्याचे बरेच दात काढले आणि दुकानातलं काही त्याला चावेना. ताईंनी त्याच्यासाठी रताळ्याच्या वड्या केल्या. इमारतीतल्या बाकीच्या कुत्रेवाल्यांनी त्या मागून नेल्या. सुरुवात एवढीच. प्रत्येक घरगुती धंद्याची साधारण अशीच असते, म्हणून त्यात फार रमत नाही.

मऊ खाऊ लागतो कुणाला? म्हाताऱ्यांना आणि पिल्लांना, हे उघड आहे. पॉमेरियन, पग, शिह त्झू यांची तोंडं लहान आणि दात दाटीवाटीचे; हिरड्यांचे आजार त्यांना लवकर धरतात. आणि तिसरं गिऱ्हाईक, ज्याचा आम्हाला अंदाज नव्हता, ते म्हणजे शिकवणी देणारे ट्रेनर. 'बस' म्हटल्यावर कुत्रा बसला की त्याच क्षणी तोंडात काहीतरी पडलं पाहिजे. कडक बिस्किट तो अर्धा मिनिट कुडुमकुडुम चावत बसतो आणि आपण कशासाठी बसलो होतो तेच विसरतो. मऊ तुकडा, मटारच्या दाण्याएवढा, गट्ट केला की पुढचा धडा. अर्थात मऊ खाऊ दातांना चिकटतो, हेही खरं. खाऊ दिला म्हणून दात घासणं सुटत नाही, हे आम्ही पाकिटावरच छापलंय.

आता करतो कसं ते सांगते. रताळी उकडायची नाहीत, वाफवायची; उकडली की पाणी पितात आणि मग पीठ वाढवत बसावं लागतं. गार झाली की किसायची, मळायची. त्यात नाचणीचं पीठ, ओट्सचं पीठ, अंडं आणि उकडून बारीक केलेलं बोनलेस चिकन. गोळा हाताला किंचित चिकटला पाहिजे; अजिबात चिकटला नाही तर भाजल्यावर कडक होणार. बोटाच्या पेराएवढी जाड पोळी लाटायची आणि करंजीच्या कातण्याने शंकरपाळ्यांसारखी कापायची. हे कातणं ताईंच्या फराळाच्या डब्यातलंच. बाजारातले चार कटर वापरून आम्ही परत त्याच्यावर आलो. ओव्हन १६० अंशांवर. चिकनच्या खाऊचं आतलं तापमान ७४ अंशांवर गेलंय ना, ते सुईच्या थर्मामीटरने बघतो. बाहेर काढल्यावर कडा जेमतेम धरलेली आणि मधे बोट दाबलं की खड्डा पडून हळूहळू भरून येणारा. प्रत्येक घाण्यातला तुकडा मी स्वतः खाऊन बघते. चव? एकदम अळणी.

मीठ नाही, गूळ-साखर नाही, कांदा-लसूण तर नाहीच. आपल्याकडे चिकन म्हटलं की लसणाचं वाटण हाताशी येतंच, म्हणून कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी हेच सांगतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. मनुका, द्राक्षं, चॉकलेट ही नावं आता बऱ्याच जणांना पाठ आहेत; झायलिटॉल मात्र अजून कुणाला माहीत नसतं. 'शुगर-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोष्टींत, क्वचित पीनट बटरमध्येही, ही गोडी असते. माणसाला तिचं काही होत नाही. कुत्र्याच्या अंगात मात्र इन्सुलिन एकदम उसळतं, साखर धाडकन उतरते आणि पुढे यकृतही जाऊ शकतं. म्हणून आम्ही पीनट बटर विकत आणत नाही, दाणे स्वतः भाजून कुटतो. त्यातही दाणे निवडायचं काम ताई कुणाला देत नाहीत. सुरकुतलेला, काळपट, वास येणारा दाणा बाजूला. ओलसर दाण्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, कुत्र्यांना ते फार लवकर बाधतं आणि भाजून जात नाही. ताटलीत दाणे पसरून चष्मा नाकावर घेऊन बसलेल्या ताई हा आमचा क्वालिटी विभाग.

पाण्याकडे वळते. नोकरीतून मी एक शब्द घेऊन आले होते, वॉटर ॲक्टिव्हिटी. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं, त्याचं हे माप. शून्य ते १. बहुतेक जिवाणूंना ०.९१च्या वर लागतं, बुरशा साधारण ०.८०पर्यंत खाली तगतात, काही तर त्याच्याही खाली. ०.६च्या खाली काहीच वाढत नाही. कडक बिस्किट त्या पट्ट्यात सुखाने महिनोन् महिने पडून राहतं. आमचा खाऊ ब्रेडच्या आसपास, म्हणजे सगळ्यांना मोकळं रान. पहिल्या जुलैत मी मुद्दाम एक पाकीट ओट्यावर, एक फ्रिजमध्ये आणि एक फ्रीझरमध्ये ठेवून बघितलं. ठाण्याचा पाऊस, भिंतींना ओल, वाळत घातलेले कपडे घरभर. ओट्यावरच्या पाकिटात दुसऱ्याच दिवशी वास बदलला आणि पाठोपाठ हिरवट ठिपके आले.

मग दुकानातले मऊ तुकडे वर्षभर कसे टिकतात? ग्लिसरीन घालून पाणी बांधून ठेवतात आणि वर पोटॅशियम सॉर्बेटसारखं बुरशीनाशक. यात लबाडी नाही. प्रमाणात असेल तर कुत्र्याला त्याने काही होत नाही आणि मोठ्या कंपनीला दुसरा मार्गही नसतो. पण आमच्याकडे येणारा माणूस घरी केल्यासारखं हवं म्हणून येतो. त्यात ग्लिसरीन घालायचं तर मग आमची गरजच काय? ताईंचं मत माझ्याहून कडक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

त्यामुळे आम्ही माल दुकानात ठेवला नाही. राम मारुती रोडवरच्या आणि घोडबंदरच्या पेट शॉपवाल्यांनी विचारलं होतं, मार्जिनही ठीक होतं. पण त्यांना काउंटरवर बरणी हवी होती. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी भाजायचं, गार झालं की लगेच छोट्या पाकिटांत सील करून डीप फ्रीझरमध्ये आणि ऑर्डरप्रमाणे गोठलेलंच पाठवायचं, हा क्रम तेव्हा बसला. फ्रीझरमध्ये तीन महिने, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बाहेर काढलं की त्याच दिवशी संपवायचं. धंदा यामुळे हळू वाढला. बरणीत माल ठेवला असता तर कदाचित जोरात वाढला असता आणि एखाद्या पावसाळ्यात एकदमच बसला असता.

आमचं वर्ष पंचांगाने चालतं. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र जवळ आली की जांभळी नाक्यावर रताळ्याचे भाव चढतात, म्हणून आधीच पोती आणून, वाफवून, कीस फ्रीझरमध्ये टाकतो. घरी करत होतो तेव्हा श्रावणात सासूबाई चिकनचं पातेलं स्वयंपाकघरात येऊ देईनात. लाल भोपळा, दही आणि नाचणी यांवर महिना काढला, आणि निघालं असं की श्रावण पाळणाऱ्या घरांना तेच हवं होतं. कुत्र्याला चिकन द्यायचंय, पण घरात आणायचं नाही, अशी त्यांची पंचाईत. तो भोपळ्याचा खाऊ आता बारा महिने जातो. गणपतीत साच्यातले मोदक करतो, रताळ्याचे, गुळाविना. आकाराचं कौतुक माणसांनाच. माणसाच्या जिभेवर साधारण ९,००० रुचिकलिका, कुत्र्याच्या १,७००च्या आसपास. तो नाकाने जेवतो. मोदक असो की तुकडा, त्याला कलेजीचा वास आला की झालं.

त्या कलेजीच्या वासानेच आम्हाला घराबाहेर काढलं. सोसायटीत तक्रार झाली, सभेत विषय निघाला आणि खरं सांगायचं तर लोकांचं चूक नव्हतं. वागळे इस्टेटमध्ये भाड्याने छोटा गाळा घेतला, महावितरणकडून थ्री फेज जोडणी घेतली, उद्यम नोंदणी केली. लोक एफएसएसएआयचा नंबर विचारतात. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाने खायचं ते, पशुखाद्य त्यातून वगळलंय. त्यामुळे तो नंबर आमच्या पाकिटावर नसतो. वजन, कमाल किंमत, कधी केलं, कुणी केलं, तक्रार कुठे करायची, हे मात्र असतं. आवेष्टित वस्तूंचे २०११चे नियम आहेत. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ आहे, ते आम्ही समोर ठेवून वाचलं. घटकांची यादी नियमापेक्षा सविस्तर आणि मराठीत देतो, कारण घरात कुत्र्याला खाऊ देणाऱ्या बहुतेक वेळा आजी असतात.

नवी मुंबईच्या ऑर्डरी ट्रान्स हार्बर लोकलने जातात. थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅक, दुपारची रिकामी गाडी, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करत वाशी किंवा नेरुळ. माझा भाचा कॉलेजातून येताना-जाताना हे करतो. गिऱ्हाइकांनी स्टेशनावर येऊन घ्यायचं, असं ठरलंय.

नाही म्हणायला शिकायला वेळ लागला. किडनीचा आजार असलेल्या कुत्र्यासाठी खाऊ मागतात. आम्ही आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो, कारण त्यात फॉस्फरसचा हिशेब असतो आणि तो आम्हाला जमत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांना चरबी चालत नाही, तिथेही तेच. फटाक्यांच्या दिवसांत 'शांत करणारा खाऊ' मागतात, तो आमच्याकडे नाही. आणि खाऊ किती द्यायचा हे तर प्रत्येकाला सांगावं लागतं. दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपर्यंतच. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ६००च्या आसपास कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६०. एका पोळीतच १००च्या आसपास असतात. "अहो, तो बघत बसतो ना ताटाकडे," असं म्हणतात. बघणारच.

दत्तजयंतीला वेगळीच गर्दी असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यामुळे त्या दिवशी रस्त्यावरच्या कुत्र्यांना वाटायला लोक मोठी ऑर्डर देतात. आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो की उपाशी कुत्र्याला खाऊ नको, जेवण हवं. तेवढ्याच पैशात अळणी चिकन-भाताची पातेली होतील. काही जण ऐकतात आणि आमची ऑर्डर जाते. ताईंनी यावर उपाय काढला. त्या दिवशी गाळ्यावर आम्हीच चिकन-भात करून देतो, सामानाच्या खर्चात.

सध्या नेरुळच्या एका दुकानदाराशी बोलणं चाललंय. त्याच्याकडे आइस्क्रीमचा फ्रीझर आहे, त्यातला एक कप्पा पेट खाऊला द्यायला तो तयार आहे. माणसांच्या आइस्क्रीमशेजारी कलेजीची पाकिटं ठेवायला माझं मन घेत नव्हतं, म्हणून वेगळा छोटा फ्रीझर निम्म्या-निम्म्या खर्चात घ्यायचं ठरतंय. रात्री शटर ओढताना तो दुकानाचा मेन स्विच बंद करतो का, हे मी विचारून घेतलं. करतो. फ्रीझरची वायर वेगळी काढल्याशिवाय माल जाणार नाही, असं त्याला कळवलंय. इलेक्ट्रिशियन शनिवारी येणार आहे म्हणतात.