तुम्ही विचारलंत म्हणून: बुक केलेली स्पोर्ट बाईक येतच नाहीये, थांबू की कॅन्सल करू?

लिटर क्लासची, म्हणजे साधारण हजार सीसी इंजिनची स्पोर्ट बाईक चालवते म्हटलं की बहुतेक लोक टॉप स्पीड विचारतात. पण ज्यांनी स्वतः अशी गाडी बुक केलेली असते ते वेगळंच विचारतात, आणि गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाच नीट लिहून टाकते. पैसे भरून तीन-चार महिने झाले, शोरूमवाले दर वेळी नवीन तारीख सांगतायत, आता थांबू की कॅन्सल करू?

मी सात महिने थांबलेय. बुकिंग करताना आठ आठवडे सांगितले होते. त्यामुळे नुसतं ‘धीर धरा’ असं मी कुणाला सांगणार नाही, कारण त्या धीराचं काय होतं ते मला माहितीये, रात्री अकरा वाजता त्याच गाडीचे त्याच रंगातले व्हिडिओ बघत बसायचं, हेडफोन लावून एक्झॉस्टचा आवाज ऐकायचा आणि सकाळी उठून परत शोरूमला फोन. माझं उत्तर एवढंच आहे की तारीख विचारणं सोडा आणि चेसिस नंबर मागा. नंबर मिळाला तर थांबा. नाही मिळाला तर तुमची गाडी अजून जगात कुठेच नाहीये असं धरून चाला, मग थांबायचं की नाही हा हिशोबच वेगळा होतो.

हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तिसऱ्या महिन्यात सेल्सवाल्या मुलाने सांगितलं होतं, ‘मॅडम, गाडी बोटीवर आहे,’ आणि मी इतकी खूश झाले की घरी सगळ्यांना फोन करून सांगितलं. तीन आठवडे गेले, चार गेले, बोट काही येईना. शेवटी मी स्वतः गेले आणि शांतपणे विचारलं की कुठली बोट, कधी निघाली, आणि त्यातल्या कुठल्या गाडीवर माझं नाव आहे. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला, मॅनेजरने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. बोटीवर त्या मॉडेलच्या दोन गाड्या होत्या हे खरं. माझा नंबर यादीत चौथा होता. पुढच्या लॉटमधे या शोरूमला किती गाड्या मिळणार हे अजून ठरलेलंच नव्हतं. मुलगा खोटं बोलत नव्हता हो, त्यालाही वरून तेवढंच सांगितलेलं, आणि समोर रोज आशेने येणाऱ्या माणसाला ‘माहीत नाही’ असं म्हणणं कुणालाच जमत नाही. पण माझा राग खरा होता, कारण माझी म्हणून सांगितलेली गाडी दुसऱ्या कुणाची तरी होती.

आता गंमत अशी आहे की या गाड्या रोजच्या वापराच्या गाड्यांसारख्या बनतच नाहीत. साध्या कम्युटर गाड्या लाखांनी खपतात, त्यांच्या लाईन वर्षभर चालू असतात. दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजनही साधारण दोनशे किलो अशी गाडी घेणारे लोक जगभरात मोजके, म्हणून कंपनी ती बॅचमधे बनवते, एक बॅच झाली की त्याच लाईनवर दुसरं मॉडेल. झालेली बॅच मग देशांमधे वाटली जाते, आणि देशाला मिळालेला वाटा डीलरांमधे. तुम्ही बुकिंगचे पैसे भरता तेव्हा गाडी विकत घेत नसता, त्या शेवटच्या वाट्यासाठी रांगेत उभे राहत असता, आणि रांग कुठपर्यंत आहे हे सांगायला डीलर बांधील असतो असं मला वाटतं, पण स्वतःहून फार कमी जण सांगतात. त्यात रंग एकच हवा, वरचं व्हेरियंटच हवं असं असेल तर रांग अजून लांबते. रेसिंगच्या नियमांसाठी ठरावीक संख्येत बनणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका, कावासाकीची 2021 ची झेडएक्स-10आरआर किंवा 2017 ची होंडा फायरब्लेड एसपी2 संपूर्ण जगासाठी प्रत्येकी फक्त 500 बनल्या, तिथे रांगेत चौथं असणं म्हणजे बहुधा नाहीच.

चेसिस नंबर, म्हणजे तो 17 अक्षरं-आकड्यांचा व्हीआयएन, हँडलच्या खाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. तो तुमच्या नावासमोर लिहिला गेला की एक ठरावीक फ्रेम, एक ठरावीक इंजिन तुमचं झालं. मग उशीर होऊ शकतो, पण तो उशीर एका खऱ्या वस्तूला होतोय, तिचा माग काढता येतो. कारखान्यातून निघाली का, कंटेनर नंबर काय, बंदरात उतरली का, कस्टम्सचे कागद झाले का, नोंदणीला पाठवली का. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे उत्तर त्यातल्या एकाही प्रश्नाचं नाही.

आणि उशीर होतो कशामुळे हे समजलं की निम्मा राग तरी योग्य ठिकाणी जातो. या गाड्यांमधे आता सहा अक्षांचा आयएमयू असतो, म्हणजे गाडी किती झुकलीये, पुढचं चाक उचललं जातंय का हे सेकंदाला कितीतरी वेळा मोजणारा सेन्सर, त्याच्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), कॉर्नरिंग एबीएस (वळणात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारं) सगळं अवलंबून. असे पार्ट बनवणारे पुरवठादार जगात थोडे, एकाकडे अडलं की पूर्ण बांधलेली गाडी एका छोट्या डबीसाठी थांबून राहते. 2021 आठवा, आधीच चिपचा तुटवडा, त्यात मार्चमधे जपानमधे रेनेसासच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, आणि त्याच महिन्यात 400 मीटर लांबीचं एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं. एप्रिल 2016 मधे कुमामोतोच्या भूकंपाने होंडाचा मोटरसायकल कारखाना बंद पडला होता. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, म्हणजे साधारण दीड-दोन आठवडे जास्तीचे. यातलं काहीच तुमच्या सेल्समनच्या हातात नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, आहे ती स्थिती तुम्हाला खरी सांगणं, आणि तेवढं मात्र हक्काने मागा.

अजून एक कारण आहे ज्याबद्दल लोक बोलत नाहीत, ते म्हणजे नियम बदलतात. युरोपात युरो 5 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर यामाहाने रस्त्यावरची आर6 ही स्पोर्ट बाईक तिथे 2020 नंतर बंद केली, आणि युरो 5 प्लस आल्यावर 2025 पासून युरोपियन युनियनमधे तिची मोठी बहीण आर1 फक्त ट्रॅकसाठी मिळते. अशा वेळी शेवटच्या गाड्यांवर उड्या पडतात, आणि दुसरीकडे नवीन मॉडेल मंजुरीच्या कागदांत अडकतं. म्हणून वर्ष संपत आलं असेल आणि तुमची गाडी अजून वाटपातच नसेल तर सरळ विचारा, मला मिळणारी गाडी कुठल्या मॉडेल वर्षाची असेल, आणि किंमत बदलली तर फरक कोण भरणार. माझ्या बाबतीत किंमत बुकिंगच्या दिवसाची राहील असं तोंडी सांगितलं होतं. ते मी चौथ्या महिन्यात त्याच भेटीत ईमेलवर लिहून घेतलं, सोबत पैसे परत मिळण्याची अट आणि रांगेतला नंबरही. लिहून मागितलं म्हणून कुणी रागावलं नाही, उलट त्या दिवसापासून मला फोन येताना नीट माहिती घेऊन यायला लागले.

चुका पण सांगते, कारण त्या महागात पडल्या. पहिली, नवीन गाडी आठ आठवड्यांत येणार म्हणून मी जुनी 650 सीसीची गाडी पहिल्याच आठवड्यात विकून टाकली. सात महिने गाडीशिवाय! नुसतं मन लागत नाही एवढंच नाही, हात विसरतात. ब्रेकवर दोन बोटं कशी ठेवायची, वळणात नजर कुठे असावी, हे सगळं सरावाने टिकतं, आणि तेवढा गॅप घेऊन सरळ दोनशे हॉर्सपॉवरवर बसणं बरोबर नाही. मी शेवटचे दोन महिने मैत्रिणीची 400 मागून घेऊन दर रविवारी चालवली, एक ट्रॅक ट्रेनिंगचा दिवसही केला, आणि तिने मनापासून दिली म्हणून माझं निभावलं. तुम्ही जुनी गाडी ठेवा. चेसिस नंबर येईपर्यंत तरी ठेवाच. दुसरी चूक म्हणजे पूर्ण रक्कम आधी भरायची मी जवळजवळ तयारी केली होती, ‘फुल पेमेंट केलं तर वर सरकवता येईल’ असं कुणीतरी म्हणालं म्हणून, ते माझ्या भावाने अडवलं. ताई, नंबर नसलेल्या वस्तूचे पूर्ण पैसे कसे देतेस, एवढंच तो म्हणाला. कर्ज घेणार असाल तर हे अजून महत्त्वाचं, हप्ते सुरू आणि गाडी नाही हे फार वाईट.

कॅन्सल करणाऱ्यांना मी घाबरट वगैरे अजिबात म्हणणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने सहाव्या महिन्यात पैसे परत घेतले, त्याच्याकडे नंबर नव्हता, वाटपाचा महिनाही कुणी सांगत नव्हतं, त्याने वर्षभर जुनी, कमी चाललेली, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली गाडी घेतली आणि तो मजेत आहे. नंबर नाही, वाटप नाही, लिहून द्यायची तयारी नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मीही हेच करेन.

मला नंबर पाचव्या महिन्याच्या शेवटी मिळाला. फोनवर तो मुलगा एकेक अक्षर सांगत होता आणि मी लिहून घेत होते, दोनदा परत वाचून घेतला. त्यानंतरचे आठ आठवडे मला आधीच्या पाच महिन्यांपेक्षा खूप सोपे गेले, खरंच. बंदरात कागदांसाठी दहा दिवस अडकली तेव्हासुद्धा मी नीट झोपत होते.

मग ती आली, आणि इथे मला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय. शनिवारी संध्याकाळी फोन, मॅडम या, गाडी तयार आहे. या गाड्या क्रेटमधे येतात तेव्हा बहुधा पूर्ण जोडलेल्या नसतात, हँडल, आरसे, काही वेळा पुढचं चाकसुद्धा वेगळं असतं, बॅटरी काढलेली असते, टायरमधे हवा वाहतुकीच्या हिशोबाची असते. हे सगळं जोडणं, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळणं, चेन किती सैल आहे बघणं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, कॉम्प्युटर लावून फॉल्ट कोड तपासणं, याला पीडीआय म्हणतात, डिलिव्हरीआधीची तपासणी. मी पीडीआयचा कागद मागितला. अर्ध्या रकान्यांत टिक नव्हती. सात महिने थांबलेली मी, गाडी समोर उभी, चमकतेय, चावी टेबलावर, आणि मला म्हणावं लागलं की मी सोमवारी येते, हे पूर्ण करून ठेवा. घशाशी आलं होतं सगळं. पण सोमवारी टेक्निशियनने स्वतः दाखवलं, पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर क्लिपमधे नीट बसली नव्हती, फोर्कजवळ घासत होती. त्याच सेन्सरवर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालतं. ते दोन दिवस त्या सात महिन्यांतले सगळ्यात कामाचे दिवस होते.

बाकी घरी नेताना हळू न्या, नवीन टायर गुळगुळीत असतात, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ते पकडीला यायला लागतात, आणि मॅन्युअलमधे रन-इनची, म्हणजे नवीन इंजिन रुळेपर्यंतची जी आरपीएम मर्यादा दिलीये ती पहिल्या सर्व्हिसपर्यंत पाळा.

घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन गाडीभोवती बसले आणि पुढच्या टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मोजून बघितलं तर तो आठवडा माझ्या बुकिंगनंतरच्या चौथ्या महिन्यातला निघाला. म्हणजे ‘बोटीवर आहे’ ऐकून मी सगळ्यांना फोन करत होते तेव्हा तिचा हा टायर साच्यातसुद्धा गेला नव्हता. आता तिचे चौदा हजार किलोमीटर झालेत, तो टायर कधीच बदलला, पण काढायच्या आधी त्या कोडचा फोटो घेऊन ठेवलाय, आणि कुणी ‘थांबू का’ विचारलं की आधी तोच पाठवते.