टाकी, बझर आणि बीसी ५४७

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टाकी भरल्याची सूचना देणारा बझर नाही, असं वर्ष क्वचितच जातं. नऊ व्होल्टची बॅटरी, बझर, दोन सळया आणि मधे तीन पायांचा काळा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. मॉडेल वाजतं, कौतुक होतं; पण ‘यात ट्रान्झिस्टर काय करतो?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बेस म्हणजे नळाची चावी.’ सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतलं माझं पान मला या उत्तराच्या पुढे जाण्यासाठी हवं आहे.

चावीची उपमा पहिल्या दिवशी चालते, नंतर अडवते. बीसी ५४७ सारख्या एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन थर. एमिटरमध्ये अशुद्धी भरपूर मिसळलेली, म्हणून इलेक्ट्रॉनही भरपूर. बेसमध्ये ती थोडी, आणि बेसचा थर जेमतेम मायक्रोमीटरच्या घरातला. बेस आणि एमिटर यांच्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाले की इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. तिथे होलशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी) गाठ पडून संपावं एवढा अवधीच त्यांना मिळत नाही. बहुतेक सगळे पलीकडच्या, बेस-कलेक्टरच्या जोडापाशी पोचतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र त्यांना कलेक्टरमध्ये ओढून घेतं. मधे संपलेल्या थोड्यांची भरपाई आणि बेसमधून एमिटरकडे जाणारे थोडे होल मिळून बेसची धारा होते. सगळी करामत त्या पातळ थराची आहे. दोन डायोड (एकाच दिशेने धारा जाऊ देणारे भाग) पाठीला पाठ लावून जोडले, तर मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टरसारखेच दिसतात, पण प्रवर्धन, म्हणजे लहान धारेने मोठी चालवणं, शून्य.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी चालवलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमवर धातूची टोकं टेकवलेला होता. आपला बीसी ५४७ मात्र तिथल्याच शॉकली यांनी जानेवारी १९४८ मध्ये मांडलेल्या जोड-ट्रान्झिस्टरच्या घराण्यातला.

आता टाकीकडे. बझरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं कलेक्टरला. एमिटर ऋण टोकाला. एक सळई धन टोकाला, दुसरी १ किलोओहमच्या रोधातून बेसला. पाणी दोन्ही सळयांना टेकलं की त्यातून बेसला धारा मिळते. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घेतलात तर हा क्रम गृहीत धरू नका. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी सर्किट कधीकधी क्षीण वाजतं, कारण उलटा ट्रान्झिस्टरही चालतो, फक्त त्याचा बीटा (कलेक्टरची धारा बेसच्या धारेच्या किती पट, तो आकडा) फारच कमी असतो. दोष बॅटरीला दिला जातो, तो बहुधा इथेच.

सळयांमधल्या पाण्याचा रोध २० किलोओहम धरला, तर बेसची धारा (९ – ०.७) ÷ २१, म्हणजे सुमारे ०.४ मिलिअँपिअर. बझरला २० मिलिअँपिअर लागत असतील तर पन्नासपट प्रवर्धन हवं, आणि तेवढं मिळतं. बीसी ५४७ चा बीटा ११० ते ८०० यांमध्ये कुठेही असू शकतो, म्हणून हातातल्या एका नगाचा बीटा मोजून सर्किट बेतणं मला चूक वाटतं. वाईटात वाईट नगावरही चालेल असंच बेतावं. पाणी कमी क्षारांचं असलं आणि रोध १०० किलोओहमवर गेला, तर बेसला ०.०८ मिलिअँपिअरच मिळते. मग बझर कुजबुजतो. तेव्हा डार्लिंग्टन जोडी करा: दोन बीसी ५४७, कलेक्टर एकत्र, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. बीटांचा गुणाकार होतो. मात्र सुरू व्हायला सुमारे १.२ व्होल्ट लागतात आणि कलेक्टर-एमिटरमध्ये ०.२ ऐवजी पाऊण व्होल्टहून अधिक जातात.

बझरऐवजी रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) लावलात, तर त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायलाच हवा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. नाहीतर रिले बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका ४५ व्होल्टांची मर्यादा सहज ओलांडून ट्रान्झिस्टर संपवतो. बीसी ५४७ ची धारेची मर्यादा १०० मिलिअँपिअर. मोटर थेट लावू नका.

ट्रान्झिस्टर मेला का, हे पाहायला मल्टिमीटर डायोडवर ठेवा. लाल तार बेसला, काळी आधी कलेक्टरला, मग एमिटरला: दोन्हीकडे ०.६ ते ०.७ दिसलं पाहिजे, एमिटरकडे किंचित जास्त. तारा उलटवल्या की काही दिसू नये, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये कोणत्याही दिशेने काही दिसू नये. काट्याच्या बहुतेक जुन्या मल्टिमीटरमध्ये ओहमवर लाल तार ऋण असते, त्यामुळे तिथे उत्तरं उलटी येतात.

तांब्याच्या सळया वापरू नका. धन सळई विद्युत-अपघटनाने हिरवी पडून झिजते; स्टेनलेस स्टीलच्या घ्या. टाकी रिकामी असूनही बझर वाजत राहिला, तर सळया धरणाऱ्या प्लॅस्टिकवरचा ओलावा पाहा. त्याचा रोध १ मेगओहम असला तरी नुसत्या बेसला चालू व्हायला तेवढं पुरतं. एकच ट्रान्झिस्टर असेल तर बेस आणि एमिटर यांच्यामध्ये ४७ किलोओहम लावा: बेसवर ०.४ व्होल्टच राहतात आणि बझर गप्प होतो. तिथे १०० किलोओहम लावलात तर हिशेबाने ०.८ येतात, आणि तो पुन्हा वाजू शकतो. डार्लिंग्टन जोडीला मात्र तोच १०० चालतो.