एका परिच्छेदावरून पुस्तक बाद?
आज अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा २०२३ चा कायदा पुन्हा नीट वाचला. ‘लैंगिक कृतीचं वर्णन किंवा चित्रण’ असलेलं पुस्तक शालेय ग्रंथालयात नको. धर्मग्रंथांना मात्र सूट. खरी गोम अशी की, पुस्तक समग्र पाहायची अट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची १९७३ ची अश्लीलतेची कसोटी अख्खी कलाकृती तोलते; या कायद्याला एक परिच्छेद पुरतो. मग कपाटं भरून असलेली पुस्तकं वाचणार कोण? आयोवातल्या मेसन सिटी या गावच्या शाळांमध्ये यासाठी चॅटजीपीटीला विचारलं गेलं, याचं फार वाईट वाटतं.

पालकांची काळजी खरी आहे. तक्रार लेखी घ्या, समितीने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं, निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहू द्यावं. सहावीच्या मुलांना नको वाटलं तर बारावीच्या विभागात हलवा, पण काढून टाकू नका.