गरुड नसलेले खांब

हवानातल्या पहिल्याच संध्याकाळी मी आणि नवरा मालेकोनवर फिरायला निघालो. मालेकोन म्हणजे समुद्राच्या कडेने मैलोन्‌मैल जाणारा, दगडी कठड्याचा रस्ता. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "हॉटेल नासिओनालजवळ दोन उंच खांब दिसतील, मुली. त्यांच्यावर काय नाही, ते बघून ये."

खांबांवर गरुड नव्हता.

'मेन' या अमेरिकी युद्धनौकेचं ते स्मारक. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात ती स्फोट होऊन बुडाली आणि अडीचशेहून जास्त खलाशी दगावले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी खापर स्पेनवर फोडलं, दोन-अडीच महिन्यांत युद्ध पेटलं. (कोळशाच्या कोठारातल्या आगीने आतूनच स्फोट झाला असावा, असं १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचेच ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासातून पुढे आलं.) १९२५ मध्ये बांधलेल्या या स्मारकावर पंख पसरलेला कांस्याचा गरुड, अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह, होता. १९६१ मध्ये क्युबाने तो खाली उतरवला आणि नवी पाटी बसवली. क्युबा बळकावण्याच्या साम्राज्यवादी हव्यासापायी बळी गेलेल्यांसाठी हे स्मारक आहे, असं ती पाटी सांगते. मृत खलाशांबद्दल तिच्यात राग नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

क्युबा-अमेरिका वैर फिडेल कॅस्ट्रोंपासून, १९५९ पासून सुरू झालं, असंच मी आजवर धरून चालले होते. रात्री आजींनी कॉफी पुढे ठेवत मला साठ वर्षं मागे नेलं. क्युबन लोक स्पेनशी १८६८ पासून लढत होते. क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती १८९५ मध्ये त्या लढाईतच पडले. सांतियागो शहर शेवटी स्पेनच्या हातून गेलं, तेव्हा अमेरिकी सेनापतीने क्युबन सैनिकांना शहरात पाऊल टाकू दिलं नाही. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसला तह झाला, त्या टेबलावर क्युबाचा एकही माणूस नव्हता.

"आमच्या घराची वाटणी झाली आणि आम्ही अंगणात उभे," आजी म्हणाल्या.

स्वातंत्र्य १९०२ मध्ये मिळालं, पण राज्यघटनेला प्लॅट दुरुस्ती जोडून: अमेरिकेला वाटेल तेव्हा क्युबात हस्तक्षेप करता येईल. ही अट मान्य केल्याशिवाय सैन्य हलणार नव्हतं. १९०६ मध्ये ते परत आलंही, तीन वर्षं राहिलं. दुरुस्ती १९३४ मध्ये गेली, ग्वांतानामोचा अमेरिकी नौदलाचा तळ मात्र राहिला. त्याचं वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. चेक अजून येतो आणि १९५९ मध्ये वटवलेला एक सोडला तर क्युबा तो वटवत नाही. फिडेल ते चेक टेबलाच्या खणात ठेवत. भाडं घेतलं की भाडेकरू मान्य केल्यासारखं होतं, हे आपल्याकडे कुठल्याही वाड्याच्या मालकाला समजावून सांगावं लागणार नाही.

हिरोनला गेलो ती सकाळ कधी विसरणार नाही. प्लाया हिरोन म्हणजे आपण ज्याला बे ऑफ पिग्ज म्हणतो, तिथला किनारा. सापाताच्या दलदलीतून रस्ता जातो. एप्रिलची अखेर होती, आदल्या रात्री सर पडून गेली होती, आणि जंगलातून हजारो लाल खेकडे अंडी घालायला समुद्राकडे निघाले होते. चालकाने जुनी शेवरोले अगदी पावलापावलाने नेली. खेकड्याच्या नांगीने टायर फुटतो आणि इथे नवा टायर मिळणं म्हणजे महिन्यांचं काम. त्याच्या गाडीचे सुटे भाग मायामीतला भाऊ पाठवतो.

१७ एप्रिल १९६१ च्या पहाटे या किनाऱ्यावर साधारण १,४०० माणसं उतरली. सगळे देश सोडून गेलेले क्युबनच, सीआयएने ग्वाटेमालात तयार केलेले. तीन दिवसांत खेळ आटोपला. सुमारे १,२०० जण कैद झाले आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ५.३ कोटी डॉलरचं अन्न आणि औषधं घेऊन क्युबाने त्यांना सोडलं. संग्रहालयाबाहेर रणगाडे आहेत, एक सी फ्युरी विमान आहे. लोक त्यांच्यापुढे फोटो काढतात. मी आत एका काचेपुढे अडकले. त्यात लहान मुलीचे पांढरे बूट आहेत, गोळ्यांनी भोकं पडलेले. कोळसा पाडणाऱ्या कुटुंबातली तेरा वर्षांची मुलगी. त्या दिवशी विमानातून झालेल्या गोळीबारात तिची आई गेली. पांढऱ्या बुटांची हौस त्या चिखलात कशी पुरवली असेल, एवढंच मनात येत राहिलं. नंतर वाचलं, जानेवारी २०१७ मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळाने क्युबातून अमेरिकेला पहिला कायदेशीर माल गेला, तो लाकडी कोळसा होता.

परतीच्या वाटेवर चालक म्हणाला, "शाळेच्या सहलीनंतर मी आत गेलेलो नाही. मला इथून जायचंय." कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

आजी ऑक्टोबर १९६२ मध्ये अकरा वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाने क्युबात आणलेल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी युद्ध पेटणार, असं तेव्हा वाटत होतं. मालेकोनवर वाळूची पोती आणि विमानविरोधी तोफा लागल्या, वडील निमलष्करी पोशाखात रात्र-रात्र बाहेर. हॉटेल नासिओनालच्या बागेत तेव्हा खणलेले खंदक आजही उतरून पाहता येतात. मग एके दिवशी रेडिओवर कळलं की सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह क्षेपणास्त्रं परत नेणार. फिडेलना कोणी विचारलंच नव्हतं. पोरं रस्त्यावर गाणं म्हणत होती, "निकिता, निकिता, दिलेलं परत घेत नाहीत!" आजींनी चाल धरून म्हणून दाखवलं आणि मग गप्प झाल्या. "पुन्हा अंगणात," एवढंच म्हणाल्या.

अमेरिकेच्या व्यापारबंदीला इथे 'एम्बार्गो' कोणी म्हणत नाही, 'ब्लोकेओ' म्हणतात, नाकेबंदी. फेब्रुवारी १९६२ पासूनची. १९९२ च्या अमेरिकी कायद्यानुसार क्युबात माल उतरवणाऱ्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकी बंदरात जाता येत नाही. क्युबाच्या एका बंदरासाठी अमेरिकेची बाजारपेठ कोण सोडेल? २००० पासून अन्न विकायला परवानगी आहे, पण पैसे आधी रोख. आजींच्या फ्रीजमधल्या कोंबडीच्या खोक्यावर अमेरिकेचंच नाव होतं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तीन आठवडे औषधांच्या दुकानात आल्या नव्हत्या. नवऱ्याच्या गोळ्या त्याच निघाल्या. आमच्यापुरत्या ठेवून बाकीच्या पट्ट्या त्यांना दिल्या, तर त्यांनी निम्म्या शेजारच्या बाईंसाठी बाजूला काढल्या.

सगळा दोष शेजाऱ्याचा, असं आजी म्हणत नाहीत. ११ जुलै २०२१ ला लोक अन्न, वीज आणि स्वातंत्र्य मागत रस्त्यावर उतरले आणि शेकडोंना तुरुंगात टाकलं, ते कोणी अमेरिकेने केलं नाही, हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि त्यांना आवाज खाली आणावा लागला याचं वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी आम्ही जुन्या हवानातल्या कॅप्टन-जनरलच्या, म्हणजे स्पेनच्या गव्हर्नरच्या, राजवाड्यात गेलो. समोरचा रस्ता लाकडी ठोकळ्यांचा आहे, बग्ग्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. एका दालनात तो गरुड आहे, पंख आणि धड. डोकं स्वित्झर्लंडच्या मुत्सद्द्यांमार्फत अमेरिकेकडे गेलं आणि मालेकोनवरच्या त्यांच्या दूतावासात आहे. पंख जवळून खूप मोठे दिसतात.

याच वाड्यात १ जानेवारी १८९९ ला स्पेनने हवानाची सत्ता अमेरिकेच्या हाती दिली. अंगणातल्या पामच्या झाडाखाली बसून मी आजींना निरोपाची चिठ्ठी लिहिली आणि तिच्यात गोळ्यांची उरलेली पट्टी घातली.