खूण सरकली आहे

शनिवार, रात्री उशिरा

पांढरी रेघ सरकली. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, पट्टा फिरवणाऱ्या पुलीतच डँपर असतो, इंजिनाचे हेलकावे जिरवणारा. त्याच्या मधल्या हबवरून, रबरावरून थेट बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. आता हबवरचा तुकडा एकीकडे, कड्यावरचा दुसरीकडे, मध्ये करंगळीच्या पेराएवढं अंतर. म्हणजे रबराने पकड सोडली आणि कडं हबवर घसरतंय. शंका होतीच. पट्ट्याची एक कड तंतू सोडत होती, इंजिन मंद चालताना पुली डगमगायची, रबर एका जागी फुगून बाहेर आलं होतं. तरी रेघ पाहिल्यावर पोटात खड्डा पडला.

खड्डा पुलीसाठी नाही. डँपर नवा मिळतो. इंजिन इतकं छान चालतंय, त्याने अस्वस्थ वाटतंय. समोर एकही दिवा लागलेला नाही.

जीप चेरोकीच्या या 4.0 लिटर इंजिनात क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची, जागा वाचणारा सेन्सर पुढे नसतो. तो मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या बेलहाउसिंग या आवरणावर बसून फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या मागच्या चाकाच्या, खाचा वाचतो. त्यामुळे पुढचं कडं कितीही घसरलं तरी कंप्युटरच्या लेखी सगळं आलबेल. ठिणगी वेळेवर, इंधन वेळेवर. चुकीचं सांगते ती फक्त कड्यावरची टीडीसीची, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचल्याची खूण, आणि माणूस बघतो तीच. डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग लावायच्या जुन्या गाड्यांत तर चांगलं चाललेलं टायमिंग या घसरलेल्या खुणेवर विसंबून बिघडवून ठेवता येतं. टायमिंग लाइट त्या खुणेवर मारायचा, खूण शून्यावर आणायची आणि ठिणगी भलत्याच वेळी पडू द्यायची.

दादाला सांगितलं तर तो म्हणेल, ‘‘अरे, चालतेय ना? मग कशाला उघडतोस?’’ त्याला उत्तर देता येतं, पण फोनवर नाही. थकलोय. अशा वस्तू माझ्याच वाट्याला का येतात, ज्या बिघडल्याचं कुणालाच दिसत नाही आणि मला मात्र दिसतं? गाडी ठेवायची की काढायची हा विषय घरात आहेच. तो आज नको.

दादासाठी उत्तर इथे लिहून ठेवतो. सहा सिलिंडर एका ओळीत, म्हणून क्रँक लांब, सात बेअरिंगांवर टेकलेला. दर फेऱ्याला तीन स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोट त्याला ओला पंचा पिळावा तसा किंचित पिळतो. लगेच तो उलटा सुटतो. मागे जड फ्लायव्हील आहे, पुढचं टोक मोकळं, त्यामुळे सगळ्यात जास्त हेलकावा पुढच्या टोकाला. ठरावीक वेगाला स्फोटांचा ताल आणि क्रँकचा स्वतःचा ताल जुळला की हा पीळ वाढत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलिंडरांच्या लांब क्रँकना याच दुखण्याने तडे जात, ते तुटत. त्यावर डँपर शोधणाऱ्यांत फ्रेडरिक लँचेस्टर हे मोठं नाव. आपल्या डँपरात रबरावर बसवलेलं जड कडं हबच्या मागे राहून हेलकावतं, आणि पिळाची ऊर्जा रबरात उष्णता होऊन जिरते. रबर सुटलं की जिरत नाही. गाडी तरीही चालते. नुकसान होतं ते क्रँकचं आणि टायमिंग चेनचं, आणि पुढचा बोल्ट ढिला होत जातो. चालणं हा पुरावा नाही, एवढंच मला त्याला सांगायचं आहे.

या इंजिनाचा समतोल त्याच्या स्वतःच्या रचनेतच आहे, डँपरवर वेगळं वजन लागत नाही. सगळीकडे असं नाही. फोर्डच्या 302 घन इंची व्ही-8 इंजिनाला जुन्या काळात 28 औंस-इंचांचा असमतोल डँपरवर मुद्दाम ठेवलेला असे, ऐंशीच्या दशकापासून 50 चा. तिथे दिसायला सारखा म्हणून चुकीचा डँपर लावला तर सगळं इंजिन थरथरतं.

आता काम.

बॅटरीची ऋण तार आधी काढायची, कारण हात पुलीवर असताना स्टार्टर फिरता कामा नये. पट्ट्याला या गाडीत आपोआप ताणणारी पुली नाही. पॉवर स्टिअरिंग पंपाचे बोल्ट ढिले करून, ताणाचा बोल्ट सोडून पट्टा उतरवायचा. पंख्याचं आवरण काढायचं. रेडिएटर आणि पुली यांच्यात जागा इतकी तुटपुंजी आहे की हब ओढून काढणाऱ्या पुलरचा मधला स्क्रू लांब असेल तर तो बसतच नाही, म्हणून आखूड पुलर आधी हातात घेऊन जागा मोजायची.

मधल्या बोल्टचं डोकं पाऊण इंची, 19 मिमीचा सॉकेट चालतो. आटे नेहमीचे, डावीकडे फिरवून सुटणारे. पण बोल्टबरोबर इंजिनही फिरतं. हाताच्या गिअरची गाडी असेल तर पाचवा गिअर टाकून कुणाला तरी ब्रेक दाबून बसवायचं. ऑटोमॅटिकला ती सोय नाही, तिथे इम्पॅक्ट गन, किंवा खालचं झाकण काढून फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या चकतीचे) दात अडवायचे. पान्याचा दांडा चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती सांगणारे भेटतात. ती करू नये. दांडा निसटला तर हात जातो.

पुलर तीन पंजांचा नको. पंजे बाहेरच्या कड्याला पकडून ओढतात आणि कडं तेवढं हातात येतं, हब तिथेच राहतो. हबला तीन आट्यांची भोकं आहेत, त्यांत बोल्ट बसवून ओढणारा पुलर हवा. बोल्ट आधी बोटांनी फिरवून बघायचे, सहज गेले नाहीत तर ते त्या आट्यांचे नाहीत. तिन्ही सारखे खोल गेले पाहिजेत, नाहीतर हब तिरका येऊन अडकतो. मधला स्क्रू थेट क्रँकच्या भोकात टेकवायचा नाही, आतले आटे जातात. टोपी किंवा छोटी दांडी मध्ये ठेवायची. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे गंज धरलेलाच असतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं की काम अर्धं होतं.

हब निघाला की क्रँकच्या खाचेतली चावी, म्हणजे हबला क्रँकवर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा, सांभाळायची. मग ऑइल सील. बऱ्याचदा मूळ दुखणं हेच असतं. सील गळतं, तेल डँपरच्या रबराला लागतं, रबर मऊ पडून फुगतं. जुन्या सीलवर नवा डँपर बसवणं मला पटत नाही. सील उचकटताना क्रँकला आणि इंजिनाच्या पुढच्या कव्हरच्या काठाला चरा पडू द्यायचा नाही. नवं सील उघड्या, स्प्रिंगच्या बाजूने इंजिनाच्या आत तोंड करून, काठाला समतल बसवायचं आणि ओठाला तेल लावायचं. हब जिथे सीलमध्ये फिरतो तिथे नखाला खाच लागली तर नवं सीलही गळणार. नव्या डँपरवर तो भाग नवाच येतो, ही त्यातली चांगली गोष्ट.

नवा डँपर खोक्यातून काढल्यावर जुन्याशेजारी ठेवून बघायचं. बाहेरचा व्यास, पट्ट्याच्या खाचा, हबपासून खाचांचं अंतर. ते अंतर चुकलं तर पट्टा तिरका चालून पुन्हा तंतू सोडेल. टीडीसीची खूण मात्र जुन्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण जुनीचीच जागा गेली आहे. संध्याकाळभर मी याच ठिकाणी अडकून होतो. ज्या खुणेवरून सगळं मोजायचं तीच गेली, तर नवी बरोबर आहे हे कशावरून?

बसवताना हातोडी नाही. तो ठोका थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला बसतो. चावीच्या खाचेत थोडं सिलिकॉन सीलंट, नाहीतर त्या फटीतून तेल पाझरतं. हबला आतून तेलाचा हात. मग आट्यांची दांडी क्रँकमध्ये पुरेशी खोल फिरवून नटाने हब सावकाश ओढून घ्यायचा. मूळ बोल्टनेच ओढू नये. सुरुवातीला त्याचे दोन-चारच आटे धरलेले असतात आणि ते क्रँकमधले आटे घेऊन बाहेर येतात. शेवटी बोल्ट आणि वॉशर, 108 न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने.

आणि मग खूण. हे लिहिता लिहिता जरा बरं वाटलं, कारण याला उपाय आहे आणि तो कुठल्याही खुणेवर विसंबून नाही. सगळे स्पार्क प्लग काढायचे, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पुढचा, म्हणजे एक नंबरचा सिलिंडर काँप्रेशनवर आणायचा, व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन वर येण्याआधी थोडा मागे घेऊन प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवायचा. क्रँक सावकाश उजवीकडे फिरवायचा, पिस्टन स्टॉपला टेकला की कव्हरवरच्या शून्यासमोर कड्यावर एक खूण. मग डावीकडे, पुन्हा टेकेपर्यंत, दुसरी खूण. डावीकडे फिरवताना बोल्ट सैल होत नाही ना, याकडे लक्ष. दोन्ही खुणांमधल्या लहान कमानीचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. दोन्ही टोकं शून्यापासून दूर आहेत, पण सारखीच दूर, म्हणून त्यांच्या मधोमध खरी जागा सापडते.

नव्या डँपरची खूण त्या मध्यावर आली तर पट्टा चढवायचा, ताण द्यायचा, थोडं चालवून ताण पुन्हा बघायचा. आली नाही, तर डँपर उतरवून दुकानात परत. खूण अंशभर चुकली तरी या गाडीचं काही बिघडणार नाही, हे मला माहीत आहे. पण उद्या कुणी तिच्यावरून टीडीसी शोधायला बसलं तर?

सील मंगळवारपर्यंत येईल म्हणाले. पुलर शेजारच्या भागातल्या पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून मिळतो, तो उद्या आणायचा. तोवर गाडी काढायची नाही. ऑफिसला जायला हिची गाडी मागावी लागेल, ते सकाळी बोलेन.